चिकू दाबून पाहणे

कार्बन डायऑक्साइड म्हणजे
पोटभर जेवून, हात धुऊन, सुपारी चघळत बसलेला पाहुणा.
त्याला आता काही नको असतं.
त्याला पुन्हा पाटावर बसवायचं,
हे माझं चार वर्षांचं काम.
विद्यावेतन वेळेवर येत नाही.

आग्रहाला तांबं.
ते बाटलीतून येतं, निळ्या मिठाच्या रूपात,
तरी पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम भांडी बाजारात गेले.
रघुवीर तांबट हंड्याच्या गळ्यावर ठोके घालत होते.
गुळगुळीत असतो तो मशीनचा, म्हणाले,
माझ्यावर हात फिरवून बघा, खडबड लागेल.
मी ते वहीत उतरवून घेतलं.
प्रबंधाच्या संदर्भसूचीत त्याला जागा नाही.

माझे तांब्याचे घन असे:
केस उभा दोन हजार वेळा चिरला
तर एका चिरीएवढी त्यांची बाजू.
जे घडतं ते कडांवर घडतं म्हणतात.
मी त्या कडा पुण्याहून आलेल्या फोटोतच पाहिल्या,
करड्या, सांडलेल्या साखरेसारख्या.

वायू दिंडोरीच्या वाइनरीतला.
आंबणाऱ्या टाकीच्या डोक्यावरून मोठ्या फुग्यात भरून
पोपटराव गांगुर्डे स्कूटरवर पुढ्यात धरून आणतात.
म्हसरूळला एका पोराने विचारलं,
केवढ्याला?

चौदा महिने नुसता हायड्रोजन.
वाढलेली सगळी वीज तोच खाऊन जायचा,
पाहुणा आपला बसलेला, सुपारी चघळत.

मग फेब्रुवारीतल्या एका रात्री
साडेतीन मिनिटांच्या खुणेवर इथिलीन.
रामशेजसारखी उभी टेकडी, पडद्यावर.
निरगुडे मॅडम अंबडहून आल्या, गाउनवर स्वेटर घालून.
काही बोलल्या नाहीत. यंत्राला टेकून उभ्या राहिल्या.
मी आईला फोन लावला आणि काय सांगायचं ते न सुचून
जेवलीस का, असं विचारलं. रात्रीचे दोन वाजले होते.

सकाळी मॅडमनी यंत्रामागचं कपाट उघडलं.
आत गवतात चिकूंची आढी.
पोपटरावांची. गंगापूरच्या मेहुण्याच्या झाडाचे.

पिकणारं फळ इथिलीनच सोडतं.
टेकडी चिकूंची होती.

पोपटराव ओशाळून म्हणाले,
द्राक्षं ठेवली असती तर?
मॅडमना तेवढ्यातही हसू आलं.
तोडलेलं द्राक्ष पिकत नाही.
अख्ख्या नाशिकचं फळ
या वायूकडे ढुंकून बघत नाही.

कपाट धुतलं. तीन दिवस खिडक्या उघड्या.
चौथ्या रात्री पुन्हा चालवलं.
टेकडी नव्हती. पण साडेतीनवर
शिवणीत दोऱ्याची गाठ राहावी, तेवढं काहीतरी.
तीनदा चालवलं, तीनदा तेवढंच.
फुग्याऐवजी आर्गॉन सोडला तेव्हा
गाठही नाही.

एकलहऱ्याच्या चिमणीला हे कळू देऊ नका.
तिच्या एका दिवसाचं फुंकलेलं परत घ्यायला
आमच्या डबीला किती वर्षं लागतील
याचा हिशेब मी मांडायला घेतला होता,
दुसऱ्या ओळीवर पेन ठेवला.

पोपटरावांनी न विचारता दोन बरण्या आणल्या.
दोन कच्चे चिकू, एकाच डहाळीचे.
एकीत आमची नळी, दुसरीत साधी हवा.
इतक्याशा वायूने काही होणार नाही, मी म्हणाले.
ह्याला प्रयोग म्हणत नाहीत, मॅडम म्हणाल्या,
आणि चिठ्ठ्या त्यांनीच चिकटवल्या, अ आणि ब.

सहाव्या दिवशी आम्ही चहाहून परतलो
तर पोपटराव खिडकीशी उभे,
डोळे मिटलेले,
दोन्ही अंगठे कामात.
हा उद्या, म्हणाले. आणि हा परवा.

चिठ्ठ्या बरण्यांवर होत्या.
चिकू त्यांच्या हातात.